प्रकाशसंश्लेषी जीवाणूंमधील अनुस्फुरण

प्रकाशसंश्लेषी जीवाणूंनी शोषलेल्या प्रकाशऊर्जेचा जो अल्प भाग पुन्हा प्रकाशरूपाने बाहेर पडतो, त्यास अनुस्फुरण किंवा फ्लुरोसन्स म्हणतात. प्रकाश पडत असताना त्याची तीव्रता बदलत राहते आणि या बदलांवरून प्रकाशसंश्लेषणाची स्थिती पेशी न फोडता समजते. जांभळ्या जीवाणूंचे अनुस्फुरण बहुधा ९०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अवरक्त पट्ट्यात असते. ते डोळ्यांना दिसत नाही.

हे जीवाणू पाण्याचे विघटन करून ऑक्सिजन सोडत नाहीत. त्यांपैकी अनेक हायड्रोजन सल्फाइड वापरतात. त्यामुळे पनवेल खाडीच्या काठी असतो तसा खारफुटीचा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल त्यांना मानवतो.

कार्यपद्धती

बॅक्टेरिओक्लोरोफिलयुक्त प्रकाशग्राही संकुले ऊर्जा शोषून ती अभिक्रिया केंद्राकडे पोहोचवतात. केंद्र मोकळे असल्यास तेथील बॅक्टेरिओक्लोरोफिलची जोडी सुमारे ३ पिकोसेकंदांत इलेक्ट्रॉन देते. ऊर्जा कामी लागते आणि अनुस्फुरण मंद राहते. गेलेल्या इलेक्ट्रॉनची जागा सायटोक्रोम भरून काढेपर्यंत ते केंद्र बंद असते. या काळात येणारी ऊर्जा संकुलांमध्येच अधिक वेळ रेंगाळते व तिचा मोठा वाटा प्रकाशरूपाने निसटतो. म्हणूनच अंधारात ठेवलेल्या पेशींवर तीव्र प्रकाश टाकताच अनुस्फुरण वाढते आणि प्रकाश थांबल्यावर केंद्रे मोकळी होतील तसे ते पूर्वपदावर येते.

वनस्पतींच्या मोजमापांचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरते. वनस्पतींच्या दुसऱ्या प्रकाशप्रणालीत इलेक्ट्रॉन गमावलेले हरितद्रव्य स्वतःच अनुस्फुरण दाबते. जांभळ्या जीवाणूंत इलेक्ट्रॉन गमावलेली जोडी मोकळ्या केंद्रापेक्षा कमी ऊर्जा खेचते.

संशोधन

पानांमधील असा बदल हान्स काउट्स्की व हिर्श यांनी १९३१ मध्ये नोंदवला. जीवाणूंबाबत निर्णायक प्रयोग १९६३ मध्ये फ्रेडेनबर्ग व डॉयसेन्स या डच शास्त्रज्ञांनी रोडोस्पिरिलम रुब्रम या जीवाणूवर केला. केंद्रातील जोडीने इलेक्ट्रॉन गमावणे आणि अनुस्फुरण वाढणे यांचा संबंध त्यांनी दाखवला. हा संबंध सरळ रेषेत नव्हता. यावरून ऊर्जा एकाच केंद्राशी बांधलेली नसून, एक केंद्र बंद आढळल्यास ती शेजारच्या केंद्राकडे वळू शकते, असा अर्थ निघाला.

२००० मध्ये कोल्बर व सहकाऱ्यांनी उष्णकटिबंधीय प्रशांत महासागराच्या पृष्ठजलात अशाच अवरक्त अनुस्फुरणाचे चढउतार टिपले. ऑक्सिजन विपुल असलेल्या खुल्या समुद्रातही बॅक्टेरिओक्लोरोफिलधारी जीवाणू कार्यरत असल्याचे त्यातून उघड झाले.