नेटिव्ह मेथड (जावा)

नेटिव्ह मेथड म्हणजे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत घोषित केलेली, परंतु सी किंवा सी++ यांसारख्या दुसऱ्या भाषेत लिहिलेली मेथड होय. जावाच्या सोर्स कोडमध्ये तिचे नाव, प्राचले आणि परत मिळणाऱ्या मूल्याचा प्रकार एवढेच दिलेले असते. ओळीत 'नेटिव्ह' हा शब्द येतो आणि महिरपी कंसातील मजकुराऐवजी अर्धविराम असतो. घड्याळ वाचणे, फाईल उघडणे, थ्रेड सुरू करणे ही कामे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मदतीवाचून होत नसल्याने अशा मेथड लागतात.

जेडीकेसोबत येणाऱ्या 'एसआरसी' या झिप फाईलमध्ये जावातील क्लासेस असतात, नेटिव्ह भाग नसतो. त्यामुळे वाचकाचा शोध सहसा त्या अर्धविरामापाशीच थांबतो. पुढचा कोड ओपनजेडीके प्रकल्पात आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने नोव्हेंबर २००६ पासून जावाचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला करण्यास प्रारंभ केला. सप्टेंबर २०२० पासून तो गिटहबवर आहे.

सी भाषेतील फंक्शनचे नाव ठरावीक रीतीने बनते: आरंभी 'जावा', मग पॅकेज, क्लास आणि मेथड यांची नावे, मध्ये अधोरेषा. 'ऑब्जेक्ट' क्लासमधील 'गेटक्लास' ही मेथड याच रीतीने 'ऑब्जेक्ट.सी' या फाईलमध्ये सापडते. जावा ८ मधील 'हॅशकोड' मात्र असा शोध घेऊन मिळत नाही. तेथे 'रजिस्टरनेटिव्हज' ही मेथड एका तक्त्याद्वारे तिची सांगड 'जेव्हीएम_आयहॅशकोड' या फंक्शनशी घालते. हे फंक्शन हॉटस्पॉट आभासी यंत्राच्या 'जेव्हीएम.सीपीपी' या फाईलमध्ये असून प्रत्यक्ष आकडेमोड 'सिंक्रोनायझर.सीपीपी' मध्ये होते.

हा माग काढण्याचे महत्त्व याच उदाहरणात दिसते. हॅशकोड म्हणजे ऑब्जेक्टचा मेमरीतील पत्ता, असा समज रूढ आहे आणि जावा ८ च्या अधिकृत दस्तऐवजातही बहुधा तसेच केले जाते असे म्हटले होते. प्रत्यक्ष कोडमध्ये मात्र पत्त्यावर आधारित रीत हा अनेक पर्यायांपैकी एक आहे. जावा ८ पासून मूळ निवड जॉर्ज मार्साग्लिया यांच्या एक्सऑर-शिफ्ट रीतीने काढलेल्या यादृच्छिक संख्येची आहे. गार्बेज कलेक्शनच्या वेळी ऑब्जेक्टची जागा बदलू शकते. म्हणून एकदा काढलेले मूल्य जपून ठेवले जाते.

फाईलींचे मार्ग आवृत्तीनुसार बदलतात, विशेषतः जावा ९ मधील मॉड्यूल व्यवस्था आणि जावा १० मधील कोडच्या एकत्रीकरणानंतर. प्रणालीनुसार भिन्न असलेला भाग 'युनिक्स' व 'विंडोज' या फोल्डरांत, तर समाईक भाग 'शेअर' मध्ये असतो.

सी मधील कोड सापडला तरी चालताना तोच वापरला जाईल असे नाही. 'सिस्टम' क्लासमधील 'अ‍ॅरेकॉपी' सारख्या मेथडच्या जागी हॉटस्पॉटचा कंपायलर स्वतःच्या यंत्रसूचना घालू शकतो. अशा मेथडवर जावा १६ पासून 'इंट्रिन्सिककँडिडेट' ही खूण आढळते; ही खूण नेटिव्ह नसलेल्या मेथडवरही असते. शिवाय एक्लिप्स ओपनजे९ हे आभासी यंत्र 'ऑब्जेक्ट' क्लासची स्वतःची मांडणी वापरते, त्यामुळे हॉटस्पॉटमध्ये मिळालेले उत्तर तेथे लागू होत नाही.