मुंबई इलाख्यातील मरणाचे महिने

मृत्युमानाचे ऋतुचक्र, म्हणजे वर्षातील ठरावीक महिन्यांत मृत्यूंची संख्या नेमाने चढणे आणि ठरावीक महिन्यांत ओसरणे, हे मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नोंदींत इतके ठळक आहे की, नुसता महिना पाहून कोणता रोग गाजत असावा याचा बऱ्यापैकी अदमास बांधता येतो: देवी आणि गोवर होळीपासून वैशाखापर्यंत, पटकी उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या पहिल्या महिन्यांत, हिवताप भाद्रपद-आश्विनात. तत्कालीन आरोग्याधिकाऱ्यांनी या चक्राचे खापर पुष्कळदा हवामानावर फोडले. ते अर्धेच खरे होते, कारण ऋतू एकटा माणसे मारत नाही. त्याला यात्रेची वाट, घरातली विहीर किंवा धान्याची वखार लागते.

हे निरीक्षण ब्रिटिश अंमलापेक्षा जुने आहे. गोव्यात राहून 1563 साली तेथेच आपला औषधीविषयक ग्रंथ छापणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने मोडशीचे, म्हणजे पटकीसारख्या जुलाब-वांत्यांच्या जीवघेण्या विकाराचे, वर्णन करताना तिचा जोर जून-जुलैत अधिक असतो असे नमूद केले. 1689 च्या सुमारास मुंबई आणि सुरत पाहून गेलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने, मुंबईतल्या गोऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशा अर्थाची म्हण टिपली आणि पाऊस संपताच येणारे सप्टेंबर व ऑक्टोबर हे महिने त्यांना सर्वांत घातक ठरतात असे लिहिले. त्याने दोष दूषित हवेला दिला. त्या महिन्यांतील तापाचा डासांशी असलेला संबंध उलगडायला दोनशे वर्षांहून अधिक काळ गेला, आणि 1911 साली चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावरील अहवालात घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखवले, तेव्हा विहिरी बंद करण्यास धर्माच्या आधाराने विरोध झाला तो वेगळाच.

पटकीचे महिने ठरवण्यात पावसाइतकाच पंढरपूरच्या आषाढी यात्रेचा वाटा होता. हजारो वारकरी थोड्या दिवसांसाठी एका गावात एकवटत, चंद्रभागेचेच पाणी आंघोळीला आणि पिण्याला वापरत, आणि परतीच्या वाटेवरील गावांत रोग पोहोचे. आरोग्यखात्याच्या अहवालांत हा प्रवास वाटेवाटेने नोंदलेला सापडतो. ज्या आषाढात हे घडे त्याच आषाढात गावोगाव पटकीची देवी मानल्या गेलेल्या मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेण्याची रूढी होती. रोगाला ऋतू असतो आणि तो वाटेने येतो, ही समजूत या रूढीत पुरेपूर आहे. आपल्या शिवेपलीकडे दुसऱ्याचे शिवार सुरू होते, याची फिकीर मात्र तीत फारशी नाही.

ऋतुचक्राचे सर्वांत बोलके उदाहरण प्लेगचे, ज्याला मराठीत गाठीचा ताप असेही म्हणत. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, म्हणजे धान्याच्या वखारींनी गजबजलेल्या बंदरालगतच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी त्याचे निदान केले. त्यानंतरची अनेक वर्षे मुंबईत प्लेग हिवाळ्यात डोके वर काढी, फेब्रुवारी-मार्चमध्ये शिखर गाठी आणि उन्हाळा तापला की ओसरे. पुण्यात मात्र पुढे त्याचा जोर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आसपास अधिक राहू लागला, जरी तेथील पहिली साथ 1897 च्या आरंभीचीच होती आणि रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले यांचे 10 मार्च 1897 रोजी निधन झाले ते त्याच साथीत. शंभर-सव्वाशे मैलांच्या अंतरात एकाच रोगाचे दोन हंगाम का व्हावेत, याचा उलगडा 1905 नंतर परळच्या प्रयोगशाळेतून झालेल्या संशोधनाने बराचसा केला. रोग उंदरांत आधी फैलावतो आणि उंदीर मेले की त्यांच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात. या पिसवेला बेताची उबदार आणि दमट हवा मानवते, कडक कोरड्या उन्हात ती तगत नाही आणि उष्मा फार वाढला की तिच्या शरीरातील जंतूही लवकर नाहीसे होतात. मुंबईत अशी हवा हिवाळ्याच्या अखेरीस मिळे, तर घाटावर ती श्रावणानंतर.

खेड्यांतील लोकांनी प्रयोगशाळेची वाट पाहिली नाही. घरात उंदीर पडू लागले, म्हणजे आढ्यावरून किंवा बळदाजवळ मरून पडलेले दिसू लागले, की भांडीकुंडी आणि गुरे घेऊन गाव माळावरच्या झोपड्यांत जाई आणि साथ सरेपर्यंत परतत नसे. सरकारी सक्तीच्या तपासण्यांपेक्षा हा उपाय अधिक शहाणपणाचा होता, असेच आज म्हणावे लागते.

प्लेगच्या धास्तीने मुंबईतून झालेल्या पलायनाने मृत्युदराचा, म्हणजे दर हजारी लोकसंख्येमागील मृत्यूंच्या प्रमाणाचा, हिशेबही बिघडवला. 1891 च्या शिरगणतीत 8,21,764 असलेली शहराची वस्ती 1897 च्या आरंभी काही महिने जवळजवळ निम्मी ओसरली होती, त्यामुळे भागाकारासाठी जुना आकडा धरावा तर दर कमी दिसे, आणि कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जाऊन मेलेला गिरणीकामगार मुंबईच्या खात्यात येतच नसे. शिवाय मृतदेहांची तपासणी आणि विलगीकरण यांच्या धास्तीने घरचे लोक मरण लपवीत किंवा दुसऱ्या रोगाच्या नावावर घालीत.

अंत्यविधींवर या चक्राचा ताण दोन प्रकारे पडे. प्लेगच्या महिन्यांत मुंबईत क्वीन्स रोडवरील सोनापुरात गर्दी होई; हेच दहनस्थान पूर्वी सरकारने शहराबाहेर हलवू नये म्हणून जगन्नाथ शंकरशेट यांनी खटपट केली होती. पावसाळ्यात अडचण वेगळी असे, ती कोरड्या लाकडाची: ओले सरण धुमसते, म्हणून लाकूड आणि गोवऱ्या आधीच आडोशाला भरून ठेवाव्या लागत, आणि ज्या गावात स्मशानाला छप्पर नाही तेथे जळत्या चितेवर पत्रे धरावे लागत. उत्तरायणातील मरण पुण्यकारक मानणाऱ्या समाजात मुंबईच्या प्लेगचा मुख्य हंगाम नेमका उत्तरायणात पडला, हा योगायोग कोणाला दिलासा देऊन गेला असेल असे वाटत नाही.

1918 च्या इन्फ्लुएंझाने हे सारे वेळापत्रक मोडले. युरोपात हिवाळ्याचा मानला जाणारा हा रोग मुंबईत जूनमध्ये बंदरातून शिरला, काहीसा ओसरला, आणि सप्टेंबरमध्ये फार घातक होऊन परतला. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी शहरात 768 मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, आणि दुसरी लाट नेमकी हिवतापाच्या नेहमीच्या महिन्यांत आल्याने गावच्या नोंदींत दोन्ही रोगांचे बळी ‘ताप’ या एकाच शब्दाखाली गेले.

या नोंदी ठेवणारा बहुधा वैद्य नव्हता. गावकामगाराने आणलेली बातमी जन्ममृत्यूच्या ज्या नोंदवहीत चढे, ती गाव नमुना 14 किंवा कोतवाल बुक या नावाने आजही तहसील कचेऱ्यांत आहे. त्यांतील पुष्कळशी पाने मोडी लिपीत आहेत. हल्ली ही बुके बाहेर निघतात ती प्रामुख्याने पूर्वजांची जात सिद्ध करण्यासाठी, आणि नक्कल मिळाली की पुन्हा कपाटात जातात. त्याच पानांवर मृत्यूची तारीख आणि कारणही लिहिलेले आहे; मोडी वाचता येणाऱ्या अभ्यासकांनी एखाद्या तालुक्याच्या पंधरा-वीस गावांची ही बुके महिनावार मांडून पाहावीत, आणि कागद विरण्याआधी कचेऱ्यांनी त्यांना ती पाहू द्यावीत.