टायरचे दुकान : दाबाखालील हवेचा धोका आणि सुरक्षा तपासणी

महामार्गावरील प्रत्येक नाक्यावर, पेट्रोल पंपाशेजारी आणि ट्रक टर्मिनलच्या दारात टायरचे एक तरी दुकान असते. कॉम्प्रेसर, जॅक, घण, दोन-चार पाने आणि पाण्याने भरलेली टाकी एवढ्या साहित्यावर तेथील काम चालते. पंक्चर काढणे, टायर बदलणे आणि हवा भरणे ही कामे रोजच्या पाहण्यातली असल्यामुळे ती निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात अवजड वाहनाच्या चाकात हवा भरणे हे यंत्रशाळेतील अत्यंत धोकादायक कामांपैकी एक मानले जाते. टायर अथवा रिम फुटून होणाऱ्या अपघातात डोके, चेहरा, छाती आणि हात यांना गंभीर दुखापती होतात आणि अनेकदा कारागिराला प्राण गमवावे लागतात.

या धोक्याचे स्वरूप शास्त्राला पूर्णपणे ज्ञात आहे. तो टाळण्याचे उपायही फारसे खर्चिक नाहीत. मात्र कारखान्यांची तपासणी करणारी शासकीय यंत्रणा प्रामुख्याने कामगारांच्या संख्येनुसार आखलेली आहे आणि टायरच्या बहुसंख्य दुकानांत दोन ते पाच माणसेच काम करतात. त्यामुळे धोका मोठा आणि दुकान लहान अशी परिस्थिती निर्माण होते.

हवेचा जोर किती?

मोटारगाडीच्या टायरमध्ये साधारणपणे ३० ते ३५ पौंड हवा असते. मालट्रक आणि बसच्या टायरमध्ये ती १०० ते १२० पौंडांपर्यंत भरली जाते. बोलीभाषेतील ‘पौंड’ म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर पडणारा दाब होय. १०० पौंडांचा दाब म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे ७ किलोग्रॅमचा भार. ट्रकच्या २० इंची रिमचा व्यास अंदाजे ५० सेंटीमीटर धरला, तर तिच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २,००० चौरस सेंटीमीटर होते. म्हणजेच रिमचा भाग बाहेर ढकलू पाहणारा एकूण जोर जवळजवळ १४ टन असू शकतो.

हवा दाबली असता तिच्यात ऊर्जा साठून राहते. पाण्याने भरलेले भांडे फुटले तर दाब तत्काळ ओसरतो. हवा मात्र प्रसरण पावत राहते आणि तुटलेला भाग दूरवर भिरकावते. चाकासमोर वाकून किंवा चाकावर बसून हवा भरणारा कारागीर नेमका या माऱ्याच्या रेषेत असतो.

लॉक रिंगची रिम

ट्यूबचे टायर वापरणाऱ्या अनेक ट्रकांची रिम एकसंध नसते. मुख्य रिम, बाजूची कडी आणि ती जागेवर धरून ठेवणारी लॉक रिंग अशा दोन किंवा तीन भागांनी ती बनते. अशा रिमवर टायर चढविणे सोपे जाते. परंतु हवा भरताना लॉक रिंग खाचेत नीट बसलेली नसेल, तर ती एकाएकी निसटून बाहेर फेकली जाते.

रिंग निसटण्याची कारणे ठरलेली आहेत. खाचेत साचलेला गंज व माती, वाकलेली किंवा झिजलेली रिंग, एका मापाच्या रिमवर दुसऱ्या मापाची रिंग बसविणे आणि तडा गेलेली रिम वेल्डिंग करून पुन्हा वापरणे ही त्यांपैकी प्रमुख होत. हवा भरत असतानाच रिंगवर घणाचे घाव घालून ती ‘बसविण्याची’ पद्धत तर सर्वांत घातक आहे. रिंग तिरकी दिसली, तर संपूर्ण हवा सोडून देऊन चाक पुन्हा जोडणे हाच योग्य मार्ग होय.

चाक उतरवितानाही तितकीच दक्षता आवश्यक असते. नट सैल करण्यापूर्वी व्हॉल्व्हमधील पिन काढून हवा पूर्णपणे सोडावी लागते. मागील आसावरील जोडचाकांच्या बाबतीत आतील आणि बाहेरील अशा दोन्ही टायरमधील हवा आधी सोडणे गरजेचे असते. आतल्या चाकाची रिम तडकलेली असल्यास नट सैल होताच ती कारागिराच्या अंगावर येण्याचा संभव असतो.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा प्रशासनाने १९८० मध्ये अशा अनेक भागांच्या रिमवरील कामासाठी स्वतंत्र मानक लागू केले आणि १९८४ मध्ये एकसंध रिमचाही त्यात समावेश केला. कारागिराला प्रशिक्षण, हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवणे, दुरून हवा भरता येईल अशी लांब नळी आणि रिमच्या सुट्या भागांची जुळणी दाखविणारा तक्ता कामाच्या जागी लावणे, या त्यातील मुख्य तरतुदी आहेत.

कमी हवेवर धावलेला टायर

ट्यूबविरहित रेडियल टायर आणि एकसंध रिम यांचा प्रसार वाढल्याने लॉक रिंगचा धोका कमी होत असला, तरी दुसरा एक धोका कायम आहे. रेडियल टायरच्या बाजूच्या भिंतीत पोलादी तारा असतात. वाहन कमी हवेवर बराच वेळ धावले, तर ती भिंत वारंवार दुमडते व तापते आणि आतील तारा एकामागून एक तुटत जातात. बाहेरून टायर धडधाकट दिसतो. त्यात पुन्हा पूर्ण हवा भरताच उरलेल्या तारा झिपर उघडावी तशा ओळीने तुटतात आणि टायरची भिंत फाटते. पिंजरा असला, तरी त्यातून सुटणारा हवेचा झोत कारागिराला इजा करू शकतो.

म्हणून नेमून दिलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर धावलेला टायर रिमवरून उतरवून आतून-बाहेरून तपासल्याशिवाय त्यात हवा भरू नये, असा दंडक आहे. भिंतीवरील फुगवटा, लाटांसारखा उंचसखल भाग, दाबल्यावर जाणवणारा मऊपणा आणि हवा भरताना येणारा तडतड आवाज ही धोक्याची लक्षणे होत. आवाज येताच जवळ जाऊन पाहण्याऐवजी दुरूनच हवा बंद करून सोडून द्यावी.

उष्णतेमुळेही टायरचा स्फोट होतो. गंजलेला नट सैल करण्यासाठी गॅसच्या ज्योतीने तापविणे किंवा टायर चढविलेला असतानाच रिमला वेल्डिंग करणे यामुळे आतील रबराचे विघटन होऊन ज्वलनशील वायू तयार होतात. टायरमधील हवा सोडलेली असली, तरी हा धोका टळत नाही. त्यामुळे असे काम टायर उतरविल्यानंतरच करावयाचे असते. ट्यूबविरहित टायरची कड रिमवर बसविण्यासाठी पेट्रोल शिंपडून ते पेटविण्याचा प्रकारही सर्वथा वर्ज्य आहे. त्यासाठी साबणाचे पाणी किंवा टायरसाठीचा लेपच वापरावा.

कॉम्प्रेसर आणि इतर धोके

कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी साचते आणि टाकी आतून गंजते. खालचा नळ उघडून हे पाणी दररोज काढून टाकावे लागते. सुरक्षा झडप बांधून ठेवणे, दाबमापक बंद पडलेला असणे, पट्ट्यावर जाळी नसणे आणि टाकीला स्थानिक पातळीवर वेल्डिंगचे ठिगळ लावणे हे दोष गंभीर मानले जातात. दाब नियंत्रकाविना कॉम्प्रेसरची हवा थेट टायरमध्ये सोडली, तर मर्यादा केव्हा ओलांडली गेली हे कारागिराला कळतही नाही.

वाहन उचलताना जॅक घसरून होणारे अपघातही मोठे असतात. कठीण व सपाट जमीन, उरलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे आणि जॅकखेरीज स्वतंत्र आधार या तीन बाबी नसतील, तर वाहनाखाली जाणे टाळावे. महामार्गाच्या कडेला काम करताना मागून येणाऱ्या वाहनांचा धोका त्यात मिळतो.

काही धोके सावकाश परिणाम करतात. पंक्चरसाठी वापरल्या जाणाऱ्या रबर सोल्युशनमध्ये हेक्झेन, हेप्टेन किंवा टोल्युइन यांसारखे द्रव असू शकतात. त्यांची वाफ चटकन पेट घेते आणि बंदिस्त जागेत दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम करते. हवेवर चालणाऱ्या पान्याचा आवाज बहुधा ९० डेसिबलच्या पुढे जातो. आपल्याकडील कारखाना नियमांत आठ तासांसाठी हीच कमाल मर्यादा मानली गेली आहे. टायर घासताना उडणारी धूळ, चाके उचलण्याने कंबरेवर येणारा ताण आणि ओल्या जमिनीवर पडलेल्या विजेच्या तारा यांचीही या यादीत भर घालावी लागेल.

दुकानाबाहेर रचलेले जुने टायर आगीला निमंत्रण देतात. एकदा पेटलेला टायरचा ढीग विझविणे अत्यंत कठीण असते. पावसाळ्यात त्याच टायरमध्ये साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासांची पैदास होते.

तपासणीचा कायदा

भारतातील पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये झाला. तो १०० किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या कारखान्यांपुरता होता. मुंबईतील गिरणी कामगारांच्या गाऱ्हाण्यांना नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० च्या दशकात संघटित स्वरूप दिले. पुढे १८९१ मध्ये ही मर्यादा ५० वर आणि १९२२ मध्ये २० वर आली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने विजेचा वापर असल्यास १० आणि नसल्यास २० कामगार अशी व्याख्या केली. या अधिनियमानुसार वस्तूची दुरुस्ती हीसुद्धा ‘उत्पादन प्रक्रिया’ होती. त्यामुळे टायर रिट्रेडिंगचे मोठे कारखाने आणि मोठ्या कार्यशाळा त्याच्या कक्षेत येत. दाबाखालील उपकरणे, यंत्रांची कुंपणे, डोळ्यांचे संरक्षण आणि ज्वलनशील वाफा यांसंबंधी त्यात स्वतंत्र कलमे होती.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि तिने कारखाना अधिनियमाची जागा घेतली. कारखान्याची मर्यादा आता विजेच्या वापरासह २० आणि त्याविना ४० कामगार अशी आहे. सुरक्षाविषयक सर्वसाधारण तरतुदी मात्र १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतात. निरीक्षकाचे नामाभिधान ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ असे झाले असून, तपासणीबरोबरच मार्गदर्शन करणे हेही त्याचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. काम धोकादायक असल्यास कमी कामगारांच्या आस्थापनेलाही संहिता लागू करण्याचा अधिकार शासनाला आहे. लहान टायर दुकानांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची ठरू शकते.

महाराष्ट्रात कारखान्यांच्या तपासणीचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था प्रशिक्षण व संशोधनाचे कार्य करते. १९६६ मध्ये ४ मार्च रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली आणि हा दिवस दरवर्षी राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

बालकामगारांसंबंधीचा कायदा मात्र माणसांची संख्या पाहत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, कुटुंबाला मदत व बालकलाकार हे मर्यादित अपवाद वगळता, संपूर्ण बंदी आहे. मोटार दुरुस्तीच्या कार्यशाळा त्यापूर्वीही मुलांसाठी निषिद्ध व्यवसायांच्या यादीत होत्या.

दुकानातील दैनंदिन तपासणी

शासकीय निरीक्षक दुकानापर्यंत पोहोचो वा न पोहोचो, तो जे पाहील ते दुकानमालकालाही सकाळी दुकान उघडताना पाहता येते. दाबमापक अचूक आहे काय, सुरक्षा झडप मोकळी आहे काय, टाकीतील पाणी काढले काय, नळी कोठे चिरलेली नाही ना, जॅकमधून तेल गळत नाही ना, अग्निशामक हाताशी आहे काय, या प्रश्नांना दहा मिनिटे पुरतात. तडकलेल्या किंवा वाकलेल्या रिम व रिंगा नुसत्या बाजूला ठेवल्या, तर गर्दीच्या वेळी त्या पुन्हा वापरल्या जातात. म्हणून त्या कापून भंगारात काढणे इष्ट होय.

हवा भरण्यासाठी लोखंडी पिंजरा, व्हॉल्व्हला स्वतः पकडून राहणारी चिमटा-नळी आणि हवा सुरू-बंद करण्याची कळ व मापक दूर अंतरावर, एवढी व्यवस्था असली की कारागिराला चाकापाशी थांबण्याची गरज उरत नाही. हवा भरताना टायरच्या भिंतीसमोर कोणीही उभे राहू नये, हा नियम गाडीच्या चालकाला आणि क्लीनरलाही लागू आहे. पिंजऱ्याला साखळीचा किंवा दोरखंडाचा वेढा हा पर्याय होऊ शकत नाही.

या व्यवसायात केरळ, बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरच्या राज्यांतून आलेले कारागीर मोठ्या संख्येने आहेत आणि बहुतेकांनी हे काम उस्तादाच्या हाताखाली पाहून शिकलेले असते. उस्तादाची चुकीची सवय अशा रीतीने शिष्याकडे जाते. म्हणूनच सुरक्षा सूचना कारागिराला समजेल अशा भाषेत आणि चित्रांसह लावणे, तसेच नव्या मुलाला पहिल्याच दिवशी घण हाती देण्यापूर्वी हवा सोडण्याची रीत शिकविणे आवश्यक आहे.

दुखापत झाल्यास नुकसानभरपाई देण्याची मालकाची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती कायम ठेवण्यात आली आहे. मात्र कोणतीही भरपाई गेलेला डोळा किंवा गेलेला जीव परत आणू शकत नाही. चाकातील १४ टनांचा जोर दुकानात दोन माणसे असोत वा दोनशे, सारखाच राहतो. त्यामुळे सुरक्षेची पहिली तपासणी ही हवा भरणाऱ्या हातांनीच, हवा भरण्यापूर्वी करावयाची असते.