खालच्या मजल्याची खिडकी

सातारा स्टेशन म्हणजे माहुली. गाडीला अजून अवकाश आहे. तुम्ही सांगलीचं तिकीट मागता, पण बाबू छापील कागद देत नाही. ड्रॉवरमधून जाड पुठ्ठ्याचं जुनं तिकीट काढतो आणि तारखेच्या यंत्रात सरकवतो. खट्.

७ जून १९४३. तुम्ही शेणोलीजवळ मीटरगेजच्या डब्यात आहात. बाहीवर कोळशाचे कण पडलेत. गाडी कचकन थांबते. पुढे रुळांवर दगडांची रास. मागे सरकावं, तर मागेही दगड. विळे-काठ्या घेतलेले तरुण दोन्ही बाजूंनी चढतात. ही ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारची तुफान सेना, म्होरके कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड आणि जी. डी. बापू लाड. सरकारी पगाराची रक्कम घेऊन ते शिवारात दिसेनासे होतात. सांगली जिल्हा अजून जन्मलेला नाही. १९४९ मध्ये तो ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा होईल आणि १९६० मध्ये आजचं नाव घेईल. तुमच्या मनात मात्र वेगळंच राहतं. एवढी गाडी अडवायला फार काही लागलं नाही, कारण लाइन एकच होती.

खट्. १९७१. मीटरभर अंतराचे रूळ जाऊन १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज आला आहे. डबे रुंद झाले. लाइन अजून एकच.

खट्. १९७८ नंतरची एक पहाट, पुणे स्टेशन. मुंबईला निघालेली सिंहगड एक्स्प्रेस उभी आहे आणि तिला चक्क दोन मजले आहेत. दारातून आत गेलात की आधी मधली सपाट जागा लागते, कारण खाली चाकांचा सांगाडा आहे. तिथून एक जिना वर जातो, एक खाली. चाकांच्या दोन जोड्यांमधली जी पोकळी साध्या डब्यात वाया जाते, तिथेच खालचा मजला बसवलेला आहे. तुम्ही खाली उतरता, डोकं वाकवून सीटवर बसता आणि खिडकीबाहेर बघता. फलाट जवळजवळ नजरेच्या रेषेत! चपला, बूट, ट्रंकांची बुडं, चहाच्या किटलीचा तळ. माणसांचे चेहरे दिसतच नाहीत.

रात्रीच्या गाडीने साताऱ्याहून आलेल्या एक मावशी भडंगाची पुडी सोडत म्हणतात, “आवं दादा, वर जावा की. हितं समदी धूळ येती.” तुम्ही वर जायला उठता, तर जिन्यात माणसं अडकलेली. उतरणारा वर येतोय, चढणारा खाली जातोय, मध्ये एकाची वळकटी.

हा जिना ध्यानात ठेवा. खट्.

दादर, संध्याकाळ. लोकल अर्धा मिनिटही थांबत नाही. तेवढ्यात शेकडो उतरतात, शेकडो चढतात. इथे दुमजली डबा लावला तर बसायला जागा वाढतील, पण बाहेर पडायची वाट जिन्याएवढी अरुंद होईल. गाडी थांबून राहील आणि तिच्यामागे ताटकळलेल्या गाड्यांची रांग लागेल. त्यात विजेच्या लोकलची यंत्रं फरशीखाली असतात. खालचा मजला नेमकी तीच जागा खातो. सिडनीने १९६८ मध्ये दुमजली विजेचे मोटर डबे धावायला काढले आणि अख्खं उपनगरी जाळं त्यांवर उभं केलं. पण २०१९ मध्ये तिथे मेट्रो सुरू झाली ती एकमजली. पॅरिसने दुसरी वाट धरली. तिथल्या आरईआर या उपनगरी रेल्वेच्या ‘अ’ मार्गावर दुमजली डब्याच्या प्रत्येक बाजूला तीन रुंद दारं ठेवली. म्हणजे गर्दीच्या मार्गावर कस लागतो तो दारांचा. सीटांचा हिशेब मागाहून.

शेवटचं खट्. पुठ्ठ्यावर तारीख उमटत नाही, म्हणजे ती अजून यायची आहे. तुम्ही सातारा-सांगली दुमजली गाडीत वरच्या मजल्यावर बसला आहात. खाली उसाचे फड. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर. कराडला कॉलेजची पोरं उतरतात. गाडी दोन मिनिटं उभी आहे, त्यामुळे जिन्यावर घाई नाही. इथे स्टेशनं लांब लांब आहेत, पासवाले तास-दीड तास बसून जाणारे. दादरला जो मजला अडचण ठरेल, तो इथे सोय ठरतो.

शेणोली येतं. तुम्ही नकळत पुढे वाकून दगड शोधता.

डोळे उघडा. माहुलीचाच फलाट. डोक्यावर विजेची तार आहे. डेक्कन क्वीन १९३० मध्ये विजेवर पुण्याला पोचली, पण तिथून साताऱ्याकडे तार यायला नव्वदहून अधिक वर्षं लागली. बरेच दिवस या मार्गावरच्या प्रवाशाचा खरा वेळ खाल्ला तो क्रॉसिंगने. समोरून एक्स्प्रेस येणार म्हणून पॅसेंजर कुठल्याशा स्टेशनात बाजूला घेतलेली, आणि सगळे उतरून रुळांकडे बघतायत. १९४३ मध्ये दगडांनी जे केलं, ते पुढे वेळापत्रकाने रोज केलं.

आता पुणे-मिरज मार्गावर दुसरी लाइन पडली आहे. म्हणून तुमच्या भागातल्या खासदारांकडे दुमजली गाडीच्या मागणीचा कागद नेलात, तर त्यावर क्रम नीट लिहा: आधी दोन लाइनींवर वेळेत धावणाऱ्या भरपूर गाड्या, मग त्यांच्यावर दुसरा मजला.