पोच आली का?

हेदवीला येणारी मंडळी दशभुजा गणेशाचं दर्शन घेतात, बामणघळ पाहतात आणि परततात. मला मात्र हेदवी म्हटलं की पोस्टमन आठवतो. कोकणातली कितीतरी घरं तेव्हा मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत. पैसे मिळाले की सहीची किंवा अंगठ्याची पोच मुंबईला जाई. माणूस भेटला नाही, तर पैसे परत. आणि पोचही नाही, पैसेही नाहीत, तर काय झालं ते अजून कळलेलं नाही, एवढंच समजायचं.

संगणकातही हाच व्यवहार चालतो. मोठ्या कामातलं छोटं काम वेगळं लिहून ठेवायचं आणि लागेल तेव्हा बोलवायचं, त्याला सबरूटीन म्हणतात. केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर १९४९ पासून ही पद्धत रुळली. काम संपल्यावर नेमकं कुठे परतायचं, ही युक्ती डेव्हिड व्हीलर यांची. त्यांचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांना त्याच वर्षी जिना चढता चढता उमगलं, की आपलं उरलेलं बरंच आयुष्य स्वतःच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार.

माझंही गेलं. एका पतसंस्थेच्या ठेवीदारांची यादी जुळवायला मी पर्ल भाषेत स्क्रिप्ट लिहिली होती. तिच्या आधारे एका आजींना सांगण्यात आलं, ‘तुमच्या नावावर ठेव नाही.’ आजींच्या हातात पावती होती!

दोन दिवस मी सबरूटीनचं प्रत्येक उत्तर छापून पाहत बसलो. आजींचं आडनाव ‘ह’वरून, म्हणजे यादीच्या शेवटी. तिथे पोचेपर्यंत डेटाबेसची जोडणी तुटली होती. सबरूटीनने ‘अनडेफ’, म्हणजे ‘उत्तरच नाही’, असं परत केलं होतं. पर्ल बेरजेत त्याला शून्य धरते, मीही धरलं.

वास्तविक टिम बन्स यांनी १९९४ मध्ये आणलेल्या डीबीआय या जोडणीत याची सोय आहे. नोंदी बदलायचा हुकूम फसला, तर अनडेफ येतं. हुकूम नीट चालला, पण बदलण्याजोगी नोंदच नव्हती, तर ‘०ई०’ असं चमत्कारिक उत्तर येतं. मोजलं तर शून्य, पण पर्ल त्याला ‘हो’ मानते. साधं शून्य दिलं असतं, तर ते अनडेफसारखंच ‘नाही’त जमा झालं असतं.

आजींनी विचारलं, ‘‘अरे, तुझ्या यंत्राला ‘ठाऊक नाही’ म्हणता येत नाही होय?’’

‘‘येतं, आजी. मी ते वाचलं नाही.’’

चूक होताच स्क्रिप्ट थांबेल अशी व्यवस्था करून यादी पुन्हा चालवली. आजींच्या खालच्या चार नावांवरही ठेवी निघाल्या. त्या चारही घरी मी स्वतः जाऊन आलो.