विद्येचे बेगमीचे दाणे



पेरणी आणि सुगी यांच्यामधले महिने कसे काढावे लागतात, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. मृगात कपाशी टोबली तरी घरात पैसा यायला दिवाळी उजाडते. तोवर घरात बेगमी लागते. शास्त्रातल्या डॉक्टर पदवीचेही तसेच आहे. चार-पाच वर्षे प्रयोगशाळेत राबायचे, मग कुठे फळ. मधल्या काळात पोटाला कोण घालणार?

हा प्रश्न जपानने लवकर ओळखला. १८६८ नंतर तिथल्या सरकारने मोठे पगार देऊन परदेशी शिक्षक आणले आणि आपली हुशार मुले सरकारी खर्चाने युरोप-अमेरिकेला धाडली. १८७७ साली टोकियो विद्यापीठ उभे राहिले. १८८७ साली डॉक्टर पदवीचे नियम झाले. पुढे १९३२ मध्ये सम्राटांच्या देणगीतून, संशोधनाला पैसा पुरवण्यासाठीच एक वेगळी संस्था निघाली.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख विलायतेत शिकले, ते एडिंबरोची शिष्यवृत्ती मिळवून. वेदवाङ्मयातील धर्म या विषयावर त्यांनी डॉक्टरेट घेतली. पुढे ते देशाचे कृषिमंत्री असताना, १९५३ मध्ये भातशेतीच्या जपानी पद्धतीची मोहीम निघाली. गादीवाफ्यावर रोपे, ओळीत लावणी, बेताचे बी, भरपूर खत. पद्धत साधी दिसते. पण तिच्यामागे वर्षानुवर्षे प्रयोग करणारी माणसे होती आणि त्यांना पोसणारा पैसा होता. पंजाबराव १९६५ साली गेले. १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ झाले, त्याला आज त्यांचेच नाव आहे.

आता जपानची दुसरी बाजूही ऐका. २००३ साली तिथे डॉक्टर पदवीच्या अभ्यासाला अठरा हजारांवर विद्यार्थी दाखल झाले. पुढे हा आकडा उतरत गेला आणि वीस वर्षांत पंधरा हजारांच्या खाली आला. शिकताना खर्चाची ओढाताण, शिकून झाल्यावर कायम नोकरीचा भरवसा नाही; मग पोरे कारखान्याची वाट धरणार नाहीत तर काय? तेव्हा २०२१ पासून सरकारने हजारो विद्यार्थ्यांना निर्वाहापुरता पैसा देण्याची योजना काढली. एकदा विहीर खणली म्हणून गाळ काढायचे थांबवून चालत नाही, हा त्याचा अर्थ.

गुरुजी, हे तुमच्यासाठी. तुमच्या वर्गात शास्त्रात गती असलेली एखादी मुलगी असेल. घरी कर्ज, म्हणून तिचे शिक्षण पदवीवरच अडेल. तिला वेळीच सांगा, की विद्यापीठ अनुदान आयोगाची परीक्षा चांगली उतरली तर संशोधनासाठी दरमहा वेतन मिळते. बार्टी, सारथी, महाज्योती या आपल्या राज्यातल्या संस्थाही अधिछात्रवृत्ती देतात. जपान सरकार तर १९५४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देत आले आहे.

आणि गावकरी मंडळी, बी-बियाण्याला पैसा घालताना आपण त्याला उधळपट्टी म्हणत नाही. मग शिकणाऱ्या लेकरावरचा खर्च तेवढा उधळपट्टी कसा?