शुल्खान आरूखचे मुक्त संहितीकरण

ज्यू धर्मकायद्याच्या ‘शुल्खान आरूख’ या प्रमाणग्रंथाचे स्वयंसेवकांनी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात चालविलेले टंकलेखन, मांडणी व भाषांतर. योसेफ कारो यांनी सफेद या शहरी रचलेला हा चार खंडांचा ग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिस येथे प्रथम छापला गेला. पुढे क्राकूचे मोशे इसर्लेस यांनी अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंच्या, रूढी त्यात टिपणांच्या रूपाने घातल्या. ही टिपणे ‘हगाहा’ (दुरुस्ती किंवा टीप) या शब्दाने सुरू होऊन मूळ परिच्छेदातच येतात. त्यामुळे कारोंचे वाक्य कोठे संपते हे निराळ्या टाइपाने दाखविणे हे मांडणीतील सर्वांत जोखमीचे काम ठरते, कारण कारोंनी दिलेले सेफार्दी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेतील ज्यूंचे, व इसर्लेस यांनी दिलेले अश्केनाझी आचार नेमके तेथेच वेगळे होतात. जुन्या आवृत्त्यांत संक्षेपांची दाटी असून स्वरचिन्हे बहुधा नसतात, म्हणून टंकलेखकाला लिपीइतकीच कायद्याचीही जाण लागते. मूळ हिब्रू मजकुराचे काम जेथे चालते तो हिब्रू विकिस्रोत २००४ मध्ये सामाईक बहुभाषिक विकिस्रोतापासून स्वतंत्र झाला. इंग्रजी विकिस्रोतावर स्वयंसेवकांच्या भाषांतरांसाठी वेगळा विभाग असून तेथील मजकूर कोणालाही सुधारता येतो, आणि प्रत्येक बदलाची नोंद पानाच्या इतिहासात राहते.